व्रत आणि व्रण : धर्मभगिनींवरील चित्रपटांतील भूतकाळ

नागपूरच्या सदर भागातील कॅथेड्रल संत फ्रान्सिस द सेल्स यांच्या नावाने ओळखले जाते. रेसिडेन्सीच्या आश्रयाने वाढलेल्या या वस्तीत हे नाव सव्हॉय प्रांतातून आलेल्या मिशनऱ्यांबरोबर आले आणि पुढे चर्च, शाळा व महाविद्यालय यांच्या निमित्ताने नागपूरकरांच्या तोंडी रुळले. परंतु युरोपच्या धर्मेतिहासात या संताच्या जोडीने ज्या स्त्रीचा उल्लेख नित्य होतो, ती जान द शांताल येथे फारशी परिचित नाही. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने मात्र तिचे चरित्र फार उद्‌बोधक आहे.

जान ही १५७२ मध्ये दिजाँ येथे जन्मली, विसाव्या वर्षी विवाहबद्ध झाली आणि १६०१ मध्ये विधवा झाली. तिचा पती शिकारीस गेला असता बरोबरच्या स्नेह्याच्या बंदुकीची गोळी चुकून त्यास लागली व काही दिवसांनी त्याचा अंत झाला. मरणापूर्वी पतीने त्या स्नेह्यास क्षमा केली. पत्नीस मात्र ते साधले नाही. चार मुले पदरी असलेली ही तरुण विधवा त्या माणसाचे दर्शनही टाळीत असे. १६०४ मध्ये तिची फ्रान्सिस द सेल्स यांच्याशी भेट झाली. त्या मनुष्याची भेट मुद्दाम घेण्याची आवश्यकता नाही, परंतु ती घडून आलीच तर अंतःकरण मृदू असावे, असा सल्ला त्यांनी तिला दिला. अखेरीस ती त्यास भेटली, इतकेच नव्हे, तर त्याच्या अपत्याची धर्ममाता झाली, असे तिचे चरित्रकार सांगतात. १६१० मध्ये तिने फ्रान्सिस यांच्या सहकार्याने आन्सी येथे ‘व्हिजिटेशन’ हा धर्मभगिनींचा संघ स्थापन केला. त्यासाठी घर सोडून निघताना तिचा किशोरवयीन पुत्र उंबरठ्यावर आडवा पडला, आणि ती रडत रडत त्यास ओलांडून गेली, ही कथाही प्रसिद्ध आहे.

या चरित्रात व्रताच्या आधीची एक जखम आहे, ती भरून येण्यास लागलेली अनेक वर्षे आहेत, आणि व्रत घेतानाच झालेली दुसरी जखम आहे. चरित्रकारास हे सर्व क्रमाने सांगता येते. चित्रपटास काय करता येईल? उंबरठ्याचा प्रसंग दाखविणे त्यास सुलभ आहे. शिकारीचा प्रसंगही दाखविता येईल. परंतु त्या दोहोंच्या मधली नऊ वर्षे, जेव्हा बाहेरून पाहता काहीच घडत नव्हते आणि एक स्त्री एका मनुष्याचे नाव ऐकताच आतून आक्रसत होती, ती पडद्यावर कशी आणावयाची? धर्मभगिनींवरील चित्रपटांचे मूल्यमापन करताना हाच प्रश्न सर्वांत महत्त्वाचा ठरतो.

येथे ‘आघात’ या संज्ञेचा अर्थ थोडा स्पष्ट करणे अवश्य आहे. ज्या ग्रीक शब्दावरून मानसशास्त्रातील ‘ट्रॉमा’ ही संज्ञा आली, त्याचा मूळ अर्थ शरीरावरील जखम असा आहे. मनाच्या जखमेस तो शब्द लावण्याची प्रथा एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रूढ झाली. पहिल्या महायुद्धातून परतलेल्या सैनिकांना तीच ती भयंकर स्वप्ने वारंवार पडतात, याचा उलगडा फ्रॉइडला सुखाच्या तत्त्वाने करता येईना. १९२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या ग्रंथात या पुनरावृत्तीचा विचार आला आहे. १९८० मध्ये अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने आघातोत्तर ताणविकृतीस आपल्या अधिकृत वर्गीकरणात स्थान दिले. या सर्व विवेचनातून एक गोष्ट निश्चित होते. सामान्य दुःखाची स्मृती होते, म्हणजे ते मागे पडते. आघाताची स्मृती धड होत नाही. तो मागे पडण्याऐवजी वर्तमानातच कोठेतरी दबा धरून राहतो आणि एखादा आवाज, एखादा वास, एखादी वस्तू यांच्या निमित्ताने पुन्हा घडतो. मराठीत या अवस्थेस ‘व्रण’ हा शब्द अधिक साजतो. घाव भरला तरी व्रण राहतो, आणि तो नेहमी वर्तमानकाळातच दिसतो.

मठाचा नियम याच्या नेमका उलट आहे. तेथे प्रवेश करणारी स्त्री आपले नाव टाकते, केस उतरविते, स्वतःची वस्त्रे त्यागून सर्वांसारखे वस्त्र धारण करते, आणि ठरलेल्या प्रहरांत मौन पाळते. पूर्वायुष्य संपले, अशी ही जाहीर घोषणाच होय. जिने भूतकाळ टाकावयाचा पण केला आहे आणि त्याविषयी बोलावयाचे नाही असेही मान्य केले आहे, अशा व्यक्तीचा भूतकाळ दाखविण्याचे काम चित्रपटाकडे येते. शिवाय चित्रपट हा बाह्यदर्शी आहे. कादंबरीकाराप्रमाणे पात्राच्या अंतःकरणात शिरून त्यास निवेदन करता येत नाही. त्याच्या हाती चेहरा आणि हात एवढेच उरतात, कारण उरलेले सर्व शरीर वस्त्राने झाकलेले असते.

भारतीय परंपरेने हा प्रश्न वेगळ्या रीतीने सोडविला होता. थेरीगाथेतील भिक्षुणींच्या कथा अट्ठकथेत विस्ताराने आल्या आहेत, आणि धर्मानंद कोसंबींच्या लेखनामुळे त्या मराठी वाचकास ज्ञात झाल्या. १९५६ च्या धर्मांतरानंतर तर नागपूरच्या अनेक घरांत त्या घरच्या कथा झाल्या. पटाचारेचा पती सर्पदंशाने मरतो, एक मूल ससाणा नेतो, दुसरे नदीत वाहून जाते, आणि माहेरी जावे तर आईबाप व भाऊ रात्रीच्या वादळात घर कोसळून गेलेले. ती वेडी होऊन विवस्त्र हिंडते. बुद्धाच्या शब्दाने ती भानावर येते, प्रव्रज्या घेते, आणि एके दिवशी पाय धुताना उताराने वाहत जाणारे पाणी पाहून तिच्या चित्तास स्थैर्य येते. येथे दुःख आधी आहे, व्रत नंतर आहे आणि व्रत हे दुःखावरचे औषध आहे. दुःख लपविलेले नाही. उलट ते पूर्णपणे सांगितल्यावाचून मुक्तीची कथा सुरूच होत नाही. पाश्चात्त्य चित्रपटाने धर्मभगिनीची कथा हाती घेतली तेव्हा त्याने या क्रमावरचा विश्वास गमावलेला होता. वस्त्राखाली व्रण तसाच आहे, ही त्याची बहुधा पहिलीच कल्पना असते.

या प्रकारातील सर्वांत चर्चित कृती भारताच्याच भूमीवर कल्पिलेली आहे, ही गोष्ट लक्षणीय होय. मायकेल पॉवेल आणि एमेरिक प्रेसबर्गर यांचा ‘ब्लॅक नार्सिसस’ हा चित्रपट १९४७ मध्ये प्रदर्शित झाला. त्याचा आधार रूमर गॉडन हिची १९३९ मधील कादंबरी. गॉडनचे बालपण पूर्व बंगालमधील नारायणगंज येथे गेले होते, त्यामुळे हिंदुस्थानातील इंग्रजांचे एकाकीपण तिला आतून ठाऊक होते. दार्जिलिंगजवळच्या डोंगरात एका संस्थानी सेनापतीचा जुना वाडा धर्मभगिनींना शाळा आणि दवाखाना चालविण्यासाठी मिळतो. तो वाडा पूर्वी त्याच्या जनानखान्याचा होता; भिंतींवरील चित्रे अद्याप पुसली गेलेली नाहीत. म्हणजे या चित्रपटात माणसांच्या आधी वास्तूलाच भूतकाळ आहे. अंगाला सतत झोंबणारा वारा, अतिशय निर्मळ हवा आणि खाली तुटलेला कडा यांच्या सान्निध्यात प्रत्येकीचे पूर्वायुष्य हळूहळू वर येऊ लागते. भाजीपाला लावण्याचे काम ज्या वृद्ध भगिनीकडे आहे ती फुलेच लावून बसते. कारण विचारता तिला एवढेच सांगता येते की, विसरलेल्या गोष्टी तिला पुन्हा आठवू लागल्या आहेत. ही एक छोटीशी घटना संपूर्ण चित्रपटाच्या आशयाचे सार आहे.

गंमत अशी की या हिमालयातील एकही दृश्य हिमालयात घेतलेले नाही. पाइनवुडच्या कलागृहात काचेवर रंगविलेली शिखरे आणि ससेक्समधील एका उद्यानातील झाडे यांवरच सारे भागविले गेले; त्या कामगिरीबद्दल आल्फ्रेड युंगे यास कलादिग्दर्शनाचे आणि जॅक कार्डिफ यास छायाचित्रणाचे ऑस्कर पारितोषिक मिळाले. भारतीय प्रेक्षकास त्यातील भारत खोटा वाटतो, आणि ती तक्रार रास्तच आहे. डोंगरातील लोक येथे बहुतांशी नेपथ्यच आहेत. तथापि त्या खोटेपणातून एक सत्य अनायासे प्रकट होते : दिसतो तो भूप्रदेश नसून त्या स्त्रियांचे मन आहे.

भूतकाळ दाखविण्याच्या दोन पद्धती या एकाच चित्रपटात शेजारी शेजारी आढळतात. मठाची प्रमुख सिस्टर क्लोडा (डेबोरा कर) हिला प्रार्थना चालू असता आयर्लंडमधील तारुण्य आठवते : तळ्यावरचा प्रियकर, घोड्यावरची दौड, आजीचे पाचूंचे दागिने. हा प्रियकर तिला सोडून अमेरिकेस जाणार होता. अपमान टाळण्यासाठी तिने मठ गाठला. हे सर्व पूर्वदृश्यांच्या, म्हणजे चित्रपटव्यवसायात ज्यास फ्लॅशबॅक म्हणतात त्याच्या साहाय्याने दाखविले आहे. दुसरी सिस्टर रूथ (कॅथलीन बायरन). हिला एकही पूर्वदृश्य नाही. ती कोठून आली, तिच्यावर काय गुदरले, याविषयी चित्रपट जवळजवळ मौन पाळतो. तिचे लालसर कडांचे डोळे आणि घामेजलेला चेहरा एवढेच समोर येते. व्रताच्या नूतनीकरणाची वेळ येताच ती लाल पोशाख चढविते. क्लोडा हाती बायबल घेऊन तिच्यासमोर रात्रभर बसते, आणि रूथ तिच्या डोळ्यांदेखत सावकाश ओठ रंगविते. प्रेक्षकाच्या मनात कायम राहते ती रूथ. क्लोडाचे पाचू लवकरच विसरले जातात. जिचा भूतकाळ सांगितला ती समजली आणि समजताच मनावेगळी झाली. जिचा सांगितला नाही तिचा व्रण मात्र दिसत राहिला.

यापुढील इतिहास आणखी बोलका आहे. अमेरिकेत ‘लीजन ऑफ डीसन्सी’ या कॅथलिक संघटनेने आक्षेप घेतल्यावर चित्रपटाच्या तेथील प्रतींतून क्लोडाची पूर्वदृश्ये कापण्यात आली. धर्मभगिनीस पूर्वी प्रियकर होता, ही कल्पनाच असह्य ठरली असावी. परिणाम असा झाला की अमेरिकन प्रेक्षकांपुढे आलेली क्लोडा निष्कारण कठोर वाटे. मठ स्वतः जे मौन आपल्या व्रतस्थांवर घालतो, तेच कात्रीने चित्रफितीवर घातले गेले.

फ्रेड झिनेमन याच्या ‘द नन्स स्टोरी’ (१९५९) या चित्रपटात पूर्वदृश्ये नाहीत; त्यास त्यांची गरजच पडत नाही. कॅथरिन ह्यूमच्या १९५६ मधील पुस्तकावर तो आधारलेला आहे, आणि त्या पुस्तकामागे मारी लुईज हाबेट्स या बेल्जियन परिचारिकेचे खरे जीवन आहे. मठप्रवेशाचे विधी, केस उतरविणे, रात्रीचे मौन, सर्वांसमोर दोषांचा उच्चार हे सर्व झिनेमनने माहितीपटाच्या काटेकोरपणे टिपले आहे. केस उतरविण्याचा प्रसंग पाहताना मराठी प्रेक्षकास केशवपनाची आठवण झाल्याखेरीज राहत नाही, आणि येथे सावध राहावयास हवे. एकीकडे स्वेच्छेने केलेला त्याग आहे आणि दुसरीकडे विधवेवर लादलेली शिक्षा. तरीही कातरीखाली वाकलेली मान दोन्हीकडे सारखीच दिसते, आणि चित्रपटाला दिसण्यापलीकडे जाता येत नाही. हा फरक तो कथेच्या बळावरच सांगू शकतो.

सिस्टर ल्यूक (ऑड्री हेपबर्न) हिच्यावरचा आघात व्रतानंतर, मठात असतानाच येतो. जखमींची शुश्रूषा करीत असता तिच्या शल्यवैद्य पित्यास जर्मन सैनिक ठार मारतात, आणि शत्रूस क्षमा करा ही आज्ञा पाळणे तिला अशक्य होते. आज्ञापालन हेच ज्या जीवनाचे अधिष्ठान, तेथे क्षमा हीसुद्धा आज्ञाच होऊन बसते. जान द शांतालला सल्लागाराने दिलेली ती सवड येथे नाही. (आज्ञापालन आणि स्वतंत्र विवेक यांचा हाच तंटा पंडिता रमाबाई आणि वाँटेज येथील सिस्टर जेराल्डिन यांच्या पत्रव्यवहारात पानोपानी भरलेला आहे. १९७७ मध्ये तो ग्रंथरूपाने महाराष्ट्रातच प्रसिद्ध झाला. एखाद्या मराठी दिग्दर्शकाचे लक्ष त्याकडे जावयास हवे होते.) शेवटी ल्यूक मठ सोडते. ती एकटीच खोलीत कपडे बदलते, दार उघडते, आणि गल्लीतून चालत दिसेनाशी होते. या प्रसंगास पार्श्वसंगीत नाही. संगीत दिले असते तर हा विजय की पराभव हे प्रेक्षकास सांगावे लागले असते. झिनेमन हा ऑस्ट्रियातील ज्यू कुटुंबातला. त्याचे आईवडील नाझींच्या हत्याकांडात बळी पडले होते. क्षमा न करू शकणाऱ्या या स्त्रीविषयी चित्रपट कोठेही नापसंती दर्शवीत नाही, त्याचे कारण या चरित्रात शोधणे गैर होणार नाही.

पन्नास वर्षांहून अधिक काळानंतर पोलंडमधून आलेल्या ‘इडा’ (२०१३) या चित्रपटाने प्रश्न अधिक अवघड करून मांडला. १९६२ साल. मठातच वाढलेली, व्रत घेण्याच्या उंबरठ्यावर असलेली अ‍ॅना आपल्या एकुलत्या एका मावशीस भेटावयास जाते, तेव्हा तिला कळते की आपण ज्यू आहोत, आपले खरे नाव इडा, आणि आईवडील युद्धकाळात मारले गेले. येथे आघात आहे, परंतु त्याची स्मृती मुळीच नाही. ज्या वयात तो घडला त्या वयातील काही आठवणे शक्यच नव्हते. सारी स्मृती मावशीकडे आहे. ती एके काळी कठोर सरकारी वकील होती, नंतर न्यायाधीश झाली, आणि आता मद्यपी आहे. दिग्दर्शक पावेल पावलिकोव्हस्की याने एकही पूर्वदृश्य वापरले नाही. दोघी त्या खेड्यात जातात; ज्याने हत्या केली तो शेतकरी रानात खड्डा खणून अस्थी काढून देतो, आणि लहान मुलगी का वाचली हेही सांगतो : ती इतकी लहान होती की ती ज्यू आहे हे कोणास ओळखता आले नसते, म्हणून तिला धर्मगुरूच्या हवाली केले. तो हे त्या खड्ड्यातच बसून सांगतो. घटना दाखविली असती तर प्रेक्षक तिचा साक्षी झाला असता, आणि साक्षी होण्यात एक प्रकारचे समाधान असते. ते समाधान येथे नाकारले आहे. कृष्णधवल, जवळजवळ चौरस चौकट; पात्रांचे चेहरे चौकटीच्या तळाशी आणि वर रिकामी भिंत किंवा आभाळ. ही रिकामी जागा देवाची की अनुपस्थितांची, याचा निर्णय प्रेक्षकावर सोडला आहे. मावशी एके सकाळी खिडकीतून उडी घेते. इडा तिचा पोशाख घालून एक रात्र तिचे जीवन जगून पाहते आणि परत निघते. तेव्हा इतका वेळ निश्चल असलेला कॅमेरा प्रथमच तिच्यासमोरून तिच्याबरोबर चालू लागतो.

मावशीची ही भूमिका करणारी आगाता कुलेशा हीच तीन वर्षांनी अ‍ॅन फाँतेन हिच्या ‘लेझ इनोसांत’ (२०१६) या फ्रेंच चित्रपटात मठाधिपतीच्या वेषात दिसते. काळ डिसेंबर १९४५, स्थळ पोलंड. सोव्हिएत सैनिकांनी मठात शिरून धर्मभगिनींवर बलात्कार केले आहेत आणि त्यांतील अनेकजणी आता प्रसूत होणार आहेत. फ्रेंच रेड क्रॉसची एक तरुण डॉक्टर गुप्तपणे मठात येते. तिच्यामागे मादलेन पोलियाक या वास्तव डॉक्टरचे अनुभव आहेत. ती १९४६ मध्ये अपघातात मरण पावली. या चित्रपटात भूतकाळ दाखविण्याची युक्ती शोधावी लागत नाही, कारण तो स्त्रियांच्या उदरात वाढत आहे. ज्या शरीरास कोणी स्पर्श करू नये असे व्रत, त्याचीच तपासणी करू देणे भाग पडते. काहींना वैद्याचा हातही आक्रमणासारखा भासतो. आघात म्हणजे पुन्हा घडणारी घटना, ही व्याख्या येथे अक्षरशः प्रत्ययास येते. अपकीर्तीच्या भयाने मठाधिपती नवजात अर्भके उघड्यावर टाकून देते. मौनाने व्रण झाकता झाकता त्यातून नवा अपराध जन्मतो, हे या कृतीतील सर्वांत कठोर सत्य होय. शेवट मात्र सुखावह आहे. युद्धातील अनाथ मुलांना मठात आश्रय देण्यात येतो आणि त्यांच्यात ही अर्भकेही सामावून जातात. तो जरा घाईने केलेला वाटतो.

धर्मभगिनी नेहमीच आघात सोसणारी असते असे नाही. पीटर मलन याच्या ‘द मॅग्डलीन सिस्टर्स’ (२००२) या चित्रपटात आयर्लंडमधील धोबीखान्यांत कोंडलेल्या मुलींचा छळ धर्मभगिनीच करतात. अशा संस्थांपैकी शेवटची १९९६ मध्ये बंद झाली आणि आयरिश शासनाने २०१३ मध्ये क्षमायाचना केली. चित्रपट त्या क्षमायाचनेच्या अकरा वर्षे आधीचा आहे, म्हणजे कलेने येथे साक्षीदाराचे काम केले. मराठीत याच्या जवळ जाणारी कृती राजीव पाटील यांचा ‘जोगवा’ (२००९) होय. यल्लम्मेस वाहिलेली जोगतीण ही मठवासिनी नव्हे, परंतु तिचेही जीवन देवास अर्पण केलेले, लग्नास मनाई असलेले, आणि वस्त्र व चिन्हे यांनी बांधलेले आहे. केसांत जट आली एवढ्या कारणाने मुलीस देवीला सोडले जाते. तिकडे केस उतरवून व्रत सुरू होते, इकडे जटेला कातरी लावता येत नाही म्हणून. ‘जोगवा’मध्ये व्रत आणि व्रण ही दोन राहतच नाहीत. एरवी मराठी आणि हिंदी चित्रपटांत धर्मभगिनी अनाथाश्रमाच्या किंवा रुग्णालयाच्या दारात काही क्षण दिसते, नायकास आशीर्वाद देते आणि निघून जाते. तिलाही पूर्वायुष्य असेल, असा संशय लेखकांना क्वचितच आलेला दिसतो.

या पार्श्वभूमीवर मध्य भारतात प्रत्यक्ष घडलेल्या एका घटनेचा आणि तिच्यावरील दोन चित्रपटांचा विचार नागपूरच्या अभ्यासकांस विशेष अगत्याचा आहे. सिस्टर राणी मारिया या १९५४ मध्ये केरळातील पुल्लुवळी येथे जन्मल्या व फ्रान्सिस्कन क्लॅरिस्ट संघात दाखल झाल्या. मध्य प्रदेशातील देवास जिल्ह्यात उदयनगर येथे त्यांनी आदिवासींना सावकारी पाशातून सोडविण्याचे कार्य केले. २५ फेब्रुवारी १९९५ रोजी इंदूरकडे जाणाऱ्या बसमध्ये प्रवाशांच्या देखत त्यांच्यावर सुऱ्याने वार करण्यात आले. त्यांच्या देहावर पन्नासाहून अधिक जखमा होत्या. मारेकरी समंदर सिंह यास जन्मठेप झाली. कारागृहात स्वामी सदानंद या नावाने ओळखले जाणारे कॅथलिक संन्यासी त्यास भेटत राहिले. २००२ मध्ये मृत भगिनीची धाकटी सख्खी बहीण सिस्टर सेल्मी पॉल ही तुरुंगात गेली आणि तिने त्याच्या मनगटावर राखी बांधली. २००६ मध्ये त्याची मुक्तता झाली. पुढे तो केरळात त्या कुटुंबाच्या घरी गेला, तेव्हा राणी मारियाच्या वृद्ध आईने त्याच्या हातांचे चुंबन घेतले. ४ नोव्हेंबर २०१७ रोजी इंदूर येथे राणी मारिया यांना ‘धन्य’ घोषित करण्यात आले.

जान द शांतालच्या कथेशी या घटनेचे साम्य उघड आहे. तिकडे मारणाऱ्याच्या अपत्याची धर्ममाता होणे, इकडे मारणाऱ्याची बहीण होणे. दोन्ही ठिकाणी क्षमा केवळ भावना म्हणून राहत नाही, ती नाते म्हणून जाहीर होते, आणि त्यासाठी समाजात आधीच रूढ असलेला एखादा विधी हाताशी घेतला जातो. राखी हा ख्रिस्ती विधी नव्हे. मारेकऱ्यास समजेल अशा भाषेत क्षमा सांगावयाची तर त्याच्याच घरचा धागा हवा, ही जाण त्या कृतीत आहे.

शेसन औसेफ दिग्दर्शित ‘द फेस ऑफ द फेसलेस’ (२०२३) हा हिंदी चित्रपट राणी मारियाचे चरित्र सांगतो. तिची भूमिका व्हिन्सी अलॉशियस हिने केली आहे. चरित्रपटाचा ओघ स्वभावतःच मृत्यूकडे जातो आणि मृत्यू हा तेथे शिखरबिंदू ठरतो. व्रणाचा इतिहास मात्र मृत्यूनंतर सुरू होतो. तो बहिणीचा आहे, आईचा आहे, बसमधील प्रवाशांचा आहे आणि मारेकऱ्याचाही आहे. कॅथरिन मॅकगिलव्रे हिचा ‘द हार्ट ऑफ अ मर्डरर’ (२०१३) हा माहितीपट नेमका या दुसऱ्या टोकापासून सुरुवात करतो. त्याच्या केंद्रस्थानी समंदर सिंह स्वतः आहे. यास एक गंभीर आक्षेप घेता येतो. जिने जीव गमावला ती अबोल झाली आणि ज्याने घेतला त्यास कथा मिळाली, हे न्याय्य आहे काय? पश्चात्ताप पावलेल्या मारेकऱ्याचे आकर्षण प्रेक्षकास सहज वाटते. वाल्या कोळ्याच्या कथेवर वाढलेल्या समाजास तर विशेषच. आदिवासींचे कर्ज, जमीन आणि सावकार हा जो मूळ प्रश्न, तो या आकर्षणात मागे पडण्याचा धोका आहे, आणि क्षमेची कथा जितकी सुंदर होते तितका तो धोका वाढतो.

आक्षेप मान्य करूनही माहितीपटाची एक जमेची बाजू नाकारता येत नाही. चरित्रपटात सुरा धरणारा हात नटाचा असतो. घटना पुन्हा रचून दाखविली जाते, आणि दृश्य संपले की हातही संपतो. माहितीपटात जो हात दिसतो तो तोच आहे. तो आता वयस्क झालेला, शेतीच्या कामाने राबलेला, बोलताना हलणारा हात आहे. पूर्वदृश्याची तेथे गरज नाही. त्याच मनगटावर सिस्टर सेल्मीने धागा बांधला होता, आणि तेच हात एका आईने ओठांशी नेले होते.